सोळा हजार फुटांवरचा रोगी

कल्याण

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. शहाडच्या पुलावरून चालत जाताना मला खाली उल्हास नदीकडे बघवत नाही. इंजेक्शन दिलेला रोगी घरी नीट पोचला की नाही, हा विचार जेवतानासुद्धा माझ्या डोक्यात असतो. असा माणूस हिमालयात गेलाच कशाला, हे परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं, की सगळ्यांना मिळून एकदाच सांगावं असं ठरवलं.

माझा दवाखाना पारनाक्याजवळ. ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे देवस्थळी सर माझे जुने स्नेही. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली आणि या माणसाचं चित्त ठाण्यातून उडालं. एका सुट्टीत ते दार्जिलिंगला जाऊन बर्फावर चालायचं रीतसर शिकून आले. तिथल्याच फुर्बा नावाच्या एका अनुभवी शेर्पाला त्यांनी पत्र घालून वाटाड्या ठरवलं आणि कुमाऊँतलं एक शिखर निवडलं. वीस हजार फुटांना थोडं कमी. नकाशावर त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा होता. सोबतीला त्यांचे जुने विद्यार्थी कारखानीस. ते डोंबिवलीचे, रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढतात, आणि कुठल्याही प्रसंगी त्यांना भूक लागते.

एका संध्याकाळी रोगी संपल्यावर सर दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आमच्याबरोबर येताय."

"मी? मला मुंब्र्याची टेकडी झेपत नाही."

"तुम्हाला शिखरावर कोण नेतंय? तळावर बसायचं. आमच्या पायांना फोड आले तर मलम लावायचं. बाकीचा वेळ हिमालय बघायचा."

"आणि काही गंभीर झालं तर?"

"म्हणून तर डॉक्टर नेतोय."

या उत्तरानं माझी काळजी दुप्पट झाली. घरी शांताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुलावर माझा हात धरता तुम्ही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण जा. नाही गेलात तर जायचं होतं, जायचं होतं, असं मला जन्मभर ऐकवाल."

पुढचे चार महिने दर रविवारी आम्ही पाठीवरच्या पिशवीत विटा भरून मलंगगडाच्या वाटेनं चढत होतो. सर पुढे, कारखानीस मध्ये, मी बराच मागे. कल्याण कँपात एका सिंधी दुकानदाराकडे लष्कराचे जुने बूट मिळाले. माझ्या मापाचे नव्हते. दोन आकडे मोठे घेऊन मी पुढे कापूस कोंबला. औषधांची पेटी मी स्वतः भरली, सोडली, पुन्हा भरली. पेनिसिलीन, सल्फाच्या गोळ्या, पट्ट्या, ब्रँडीची एक बाटली, थर्मामीटर तीन. तीन कशाला, असं शांतानं विचारलं. दोन फुटले तर, असं मी सांगितलं. तिनं मेतकूट, भाजणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं आणि तिसरा थर्मामीटर तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला.

काठगोदाम ते खाती

फुर्बा आम्हाला काठगोदामच्या फलाटावर भेटला. मी धिप्पाड माणसाची कल्पना केली होती. हा माझ्या खांद्याला लागेल एवढा. वय चाळिशीचं, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं, अंगात कुणा साहेबानं दिलेला लोकरी कोट. त्यानं आमच्या तिघांच्या तोंडांकडे न बघता आधी पायांकडे बघितलं. माझ्या बुटांपाशी तो थांबला, खाली बसला, अंगठ्यानं पुढचा भाग दाबून बघितला आणि उठला. दुसऱ्या दिवशी अल्मोड्याच्या बाजारातून त्यानं जाड लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणून मला दिले.

अल्मोड्याच्या पुढे मोटारीचा रस्ता संपला आणि चालणं सुरू झालं. पहिले दोन दिवस मला आमच्या माळशेजच्या बाजूला आल्यासारखं वाटत होतं, फक्त झाडं वेगळी. ढाकुरीची खिंड चढून वर आलो आणि समोर एकदम हिमालय उभा राहिला. पुष्कळांनी या दृश्याबद्दल लिहिलं आहे आणि त्यांचा आनंद खरा असणार. मला मात्र एवढ्या उंच जागेशी माणसाचं काय काम, असं वाटलं. सर टोपी काढून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझ्या मनाची लाज वाटली.

खाती हे त्या वाटेवरचं शेवटचं गाव. स्लेटच्या दगडांची छपरं, लाकडी कोरीव दारं, अंगणात वाळत घातलेली लोकर. एका घरी आम्हाला काळसर भाकरी मिळाली. मी पहिला घास घेतला आणि ओळखली, आपली नाचणी. तिथे तिला मंडुवा म्हणतात. घरधनीण कमरेला दोर बांधून गवत आणायला निघाली होती. आमच्याकडच्या ठाकरणी जशा डोक्यावर मोळी घेतात, तसा या बायका पाठीवर भारा घेतात आणि उतारावरून जवळजवळ पळत जातात. कारखानीसांनी तिला लोणच्याची फोड दिली. तिनं ती चाखली, डोळे मिटले आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

याच गावात प्रतापसिंह आणि आणखी चार जण ओझी उचलायला बरोबर आले.

तळ

फुरकियाचा बंगला ही शेवटची पक्क्या छपराची जागा. तिथून वर साडेबारा हजार फुटांवर एका कुरणात आम्ही तळ टाकला. डाळ तीन तास चुलीवर ठेवूनही दाताखाली कचकच वाजे. कारखानीसांनी शोध लावला, की या उंचीवर फक्त पिठलं नीट शिजतं, आणि मग रोज पिठलंच झालं.

दुसऱ्या दिवशी कारखानीसांचं डोकं दुखायला लागलं. ओकारी झाली. मी ॲस्पिरिन देऊन त्यांना झोपवलं. फुर्बा सरांना म्हणाला, "सर साब, दो दिन इधर रुकेंगे. फिर ऊपर."

सरांनी आकाशाकडे बघितलं. "दोन दिवसांनी हवा अशी राहील याची खात्री आहे? कारखानीस राहू दे इथे. आपण उद्या पहिला तंबू लावू."

"जल्दी ठीक नहीं है."

"मी दार्जिलिंगला शिकून आलोय, फुर्बा."

फुर्बानं मान हलवली आणि दोर तपासायला निघून गेला. सर माझ्याकडे वळले. ओझी नेणारा एक माणूस कमी पडत होता. मी एका रात्रीपुरता वर येईन का? मला नाही म्हणायचं होतं. पण मागे राहून काळजी करण्यापेक्षा बरोबर जाऊन काळजी करावी असं वाटलं. मी हो म्हणालो.

पहिला तंबू

तळापासून पहिल्या तंबूपर्यंत सात तास लागले. दगडांचा लांबलचक ढिगारा, मग कठीण बर्फ, मग एक अरुंद धार. दोन्ही बाजूंना उतार. फुर्बानं माझ्या कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, "नीचे नहीं देखना. मेरा बूट देखना." मी त्या बुटांखेरीज त्या तासाभरात काहीही बघितलेलं नाही. त्याच्या डाव्या टाचेला एक ठिगळ होतं.

सोळा हजार फुटांवर दोन तंबू लागले. ओझी टाकून बाकीचे परत उतरले, प्रतापसिंह आमच्याबरोबर राहिला. सर खोकत होते. थंड हवेचा खोकला, असं ते म्हणाले. रात्री माझ्या शेजारी त्यांचा श्वास चालताना ऐकू येत होता.

सकाळी फुर्बा चहा घेऊन आला तेव्हा सर बसले होते. त्यांनी बुटाची नाडी हातात धरली होती. ती बांधायची राहून गेली होती आणि ते तसेच बसून होते. मी त्यांना स्वेटर वर करायला सांगितलं आणि छातीला नळी लावली. दोन्ही बाजूंना, खालपासून मध्यापर्यंत, ओल्या कपड्यावर बोट घासल्यासारखा बारीक आवाज. नाडी एकशेवीसच्या वर. ताप मात्र नव्हता. मी दुसरा थर्मामीटर काढला. तरी नव्हता.

"काय आहे?" सरांनी विचारलं. एवढे दोन शब्द बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं.

"न्यूमोनिया असावा."

"सर्दी आहे हो. आज विश्रांती. उद्या वर."

मी बाहेर आलो. फुर्बा उभा होता. त्यानं विचारलं नाही, सांगितलं. "नीचे ले जाएगा. अभी."

मी म्हणालो नाही. न्यूमोनियाच्या रोग्याला हलवायचं नसतं. त्याला उबेत, स्वस्थ पडू द्यायचं, पेनिसिलीन द्यायचं, हे मला शिकवलं होतं आणि मीही इतरांना सांगत आलो होतो. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी मी फुर्बाला सांगितली नाही.

दवाखाना काढला त्याच्या पहिल्याच वर्षी मानपाड्याच्या पलीकडून मला बोलावणं आलं होतं. भातशेती करणारं आगरी घर, पंचविशीतली सून, दोन्ही फुप्फुसं भरलेली. पावसाचे दिवस. इतक्या दूर मी रोज येणार कसा, म्हणून मीच सांगितलं, तिला गाडीत घालून कल्याणला माझ्याजवळ आणा. बैलगाडी अर्ध्या वाटेवर आली तेव्हा ती गेली होती. तिचा नवरा रडला नाही. त्यानं मला फक्त विचारलं, "डाक्टर, तिला हालवाला नको व्हता का?" मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यानंतर न्यूमोनियाचा एकही रोगी मी हलवलेला नाही. रोज सायकलीवरून पाच-पाच मैल जाऊन इंजेक्शनं दिली, पण रोगी अंथरुणातून उठवला नाही.

म्हणून मी फुर्बाला सांगितलं, "आज नाही. औषध देतो."

औषध देणंही सोपं नव्हतं. पेनिसिलीनची पूड ज्या शुद्ध पाण्यात विरघळवायची, त्या पाण्याच्या कुप्या रात्री गोठल्या होत्या. दोन तडकलेल्या. उरलेली एक मी काखेत धरून बसलो. सुई उकळायला स्टोव्हवर बर्फ वितळवलं. एवढ्या उंचीवर पाणी उकळतं, पण नेहमीइतकं तापत नाही, हे सरांनीच मला वाटेत समजावून सांगितलं होतं. मग सुईवरचे जंतू मरतात की नाही? मी ती अर्धा तास उकळली आणि तरीही टोचताना मला खात्री नव्हती.

दहा वाजले. अकरा वाजले. मी दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजत होतो आणि कागदावर लिहून ठेवत होतो. आकडे वर चढत होते. दुपारी सरांचे ओठ निळसर झाले. ते काहीतरी पुटपुटायला लागले. मग त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि रुमालात फेस आला. गुलाबी.

फुर्बा तंबूच्या दाराशी गुडघ्यांवर बसला होता. त्यानं रुमाल बघितला. तो आत आला आणि माझ्या अगदी जवळ, हळू आवाजात बोलला.

"डाक्टर साब, मेरा बड़ा भाई ऐसे ही सोया था. साब लोग बोला, आराम करो. सुबह में खाँसी था, शाम को मर गया. फिर दूसरा आदमी को ऐसा हुआ, उसको हम लोग नीचे ले गया. वो आज भी दार्जिलिंग में दुकान चलाता है."

"ये क्या बीमारी है?"

"नाम नहीं मालूम. छाती में पानी. नीचे जाने से सूखता है."

माझ्या कुठल्याही पुस्तकात असा रोग नव्हता, जो खाली उतरल्यानं बरा होतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो मला पटवत नव्हता. बघितलेलं सांगत होता. आणि माझ्या हातात काय होतं? ताप नसलेला न्यूमोनिया, न लागू पडणारं औषध, आणि सहा वर्षांपूर्वीची बैलगाडी. त्या बाईच्या मरणानं मला शहाणपण दिलं आहे असं मी धरून चाललो होतो. त्या क्षणी वाटलं, की त्या मरणानं मला फक्त भीती दिली असेल. दोन्हींत फरक कसा करायचा हे मला कळत नव्हतं. अजूनही नीट कळत नाही.

"घेऊन जाऊ," मी म्हणालो.

सरांना तेवढं मात्र समजलं. त्यांनी माझी बाही धरली. "मी उतरणार नाही. मी प्रमुख आहे."

"सर, या तंबूत प्रमुख मी आहे," मी म्हणालो. मी असं कधी कुणाला बोललो नव्हतो.

प्रतापसिंह आणि फुर्बा यांनी दोराची बैठक केली. फुर्बानं सरांना त्या बैठकीत घेऊन पाठीवर उचललं आणि पट्टा कपाळावर लावला. त्याच्याहून वीतभर उंच माणूस. सरांचे पाय लोंबत होते. प्रतापसिंह मागून दोर धरून, आणि शेवटी मी. ती अरुंद धार आली तेव्हा या वेळी माझ्यापुढे बघायला ठिगळाची टाच नव्हती. मी खाली बसलो आणि बसूनच सरकत गेलो. विजार फाटली. भीती मुळीच कमी झाली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी भीती नाहीशी होते असं लोक म्हणतात.

मध्ये दोनदा सरांचं पुटपुटणं थांबलं, म्हणून फुर्बा थांबला. दोन्ही वेळा मी सरांच्या नाकाशी हात नेला आणि मला वाटलं, आता काही लागणार नाही. दोन्ही वेळा श्वास लागला.

दिवस मावळायच्या आत आम्ही तळावर पोचलो. कारखानीस धावत आले. सरांना खाली ठेवलं. मी नळी लावली. आवाज होतेच, पण नाडी शंभरावर आली होती. ओठांचा रंग बघायला मी कंदील जवळ धरला. गुलाबी नव्हते, पण निळेही नव्हते. मी कागदावर आकडा लिहिला आणि तो खोडला, कारण माझा विश्वास बसेना. पुन्हा मोजली. शंभरच.

फुरकिया

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी खाली, फुरकियाच्या बंगल्यात आलो. शेवटचा मैल सर प्रतापसिंहाच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः चालले. संध्याकाळी त्यांनी पिठलं मागितलं. तिसऱ्या दिवशी छाती जवळजवळ साफ होती. मी चार-चारदा नळी लावली. माझा आनंद मला लपवता येत नव्हता, आणि मग मला वाटायला लागलं, की मी हे काय पाहतो आहे ते मला समजतच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सरांनी बूट घातले.

"आज तळावर परत जाऊ. पाच दिवस हातात आहेत."

मी म्हणालो, "सर, तुम्ही वर जाणार नाही."

"का?"

"तुम्हाला न्यूमोनिया झाला होता."

ते हसले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघून हसावं तसे. "दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया दोन दिवसांत बरा झाला? डॉक्टर, असं कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. रोगी बरा झाला होता आणि बरं होण्यानंच पुरावा पुसून टाकला होता.

"तुम्ही घाबरलात," ते म्हणाले. "तुमचा दोष नाही. तुमचा स्वभाव मला माहीत होता. पण फुर्बा, तू? तुला मी शिखरासाठी आणलं होतं."

फुर्बा दाराशी बसून बुटाला तेल लावत होता. तो म्हणाला, "सर साब, मैं ऊपर नहीं ले जाएगा."

"मी हुकूम दिला तरी?"

"तो भी."

कारखानीस माझ्याकडे बघत होते, मग सरांकडे. शेवटी तेच म्हणाले, "सर, मी त्या संध्याकाळी तळावर होतो. तुम्हाला आणलं तसं तुम्ही पाहिलं नाहीत. मी पाहिलंय. मी येणार नाही."

सरांनी बूट काढले. किती तरी वेळ ते खिडकीशी उभे होते. तिथून शिखर दिसत नव्हतं, नुसती समोरची दरी. या माणसानं चार वर्षं दुसरा विचार केला नव्हता, आणि ते शिखर त्याच्या हातून मी काढून घेतलं होतं. मी बरोबर असेन तरीही काढून घेतलं होतंच. परतीच्या सगळ्या वाटेत सर माझ्याशी कामापुरतं बोलले.

काठगोदाम

फलाटावर फुर्बानं कोटाच्या आतल्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेली एक वही काढली. ज्या ज्या तुकडीबरोबर तो गेला, तिच्या प्रमुखानं त्यात त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिलेल्या होत्या. त्या वाचून पुढचे लोक त्याला काम देतात. त्याचं सगळं पोट त्या वहीवर. त्यानं ती दोन्ही हातांनी सरांपुढे धरली. सरांनी पेन काढलं, लिहिलं, वही मिटून परत दिली आणि ते सामानाकडे गेले.

फुर्बा माझ्याकडे आला. "डाक्टर साब, पढ़ के सुनाओ."

इंग्रजीत लिहिलं होतं. वाटाड्या माहितगार आणि ताकदवान आहे, परंतु प्रमुखाच्या इच्छेविरुद्ध त्यानं मोहीम अर्ध्यावरून मागे आणली. शिखराची जिद्द नाही. मला वाटलं, थोडं सौम्य करून सांगावं. त्याला वाचता येत नव्हतं. पण पुढचा वाचणारा कुणी सौम्य करून वाचणार नव्हता. मी जसं होतं तसं हिंदीत सांगितलं.

फुर्बानं सरांकडे बघितलं. ते पेट्या मोजत उभे होते, एक हातात उचलून.

"हाथ-पाँव चलता है सर साब का," तो म्हणाला. "ठीक है."

मी त्याच्या हातातून वही घेतली. सरांच्या ओळींखाली जागा होती. मी लिहिलं, की मी या तुकडीचा डॉक्टर. रोग्याला खाली न्या असं या माणसानं सकाळी सांगितलं आणि मी दुपारपर्यंत ऐकलं नाही. तो बरोबर होता आणि मी चूक. रोगी जिवंत आहे तो याच्या पाठीवरून आला म्हणून. खाली सही केली, पदवी लिहिली, कल्याणचा पत्ता लिहिला. गाडीची शिट्टी झाली. फुर्बानं शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली होती.

पुन्हा कल्याण

मुंबईच्या एका वयस्क डॉक्टरांना मी सगळी हकीकत आकड्यांसह सांगितली. ते म्हणाले, हा न्यूमोनिया नव्हे. मग काय, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "मी ठाण्याच्या वर कधी गेलो नाही," ते म्हणाले.

सर ठाण्यात होते आणि मी कल्याणात, पण आमचं येणं-जाणं थांबलं. डॉक्टर घाबरले म्हणून शिखर राहिलं, असं ठाण्यात बोललं जातं, हे माझ्या कानावर येत होतं. शांतानं एकदा विचारलं, "ते खरंच दगावणार होते का हो?" मला माहीत नाही, असं मी खरं ते सांगितलं.

मार्चच्या सुमारास पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजातले प्राध्यापक उन्हाळ्यात हिमालयात जाणार होते. फुर्बा शेर्पाच्या वहीत एकाच पानावर एकाच मोहिमेबद्दल दोन उलट शेरे आहेत, तरी कृपया कोणता खरा ते कळवावे, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. फार लिहिलं तर सरांवर आरोप होत होता, थोडं लिहिलं तर फुर्बावर अन्याय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात बाकावर रोगी बसले होते, त्यांच्या रांगेत सर बसलेले दिसले. त्यांचा नंबर येईपर्यंत ते उठले नाहीत. आत आल्यावर त्यांनी खिशातून तसंच पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"मलाही आलंय," ते म्हणाले. "तुम्हाला एक विचारायचं आहे. त्या दुपारचं मला काही आठवत नाही. तंबूत सकाळी चहा प्यालो, आणि मग तळावर तुम्ही कंदील धरलेला. मधलं काहीच नाही. इतके दिवस वाटत होतं, मला झोप लागली असेल."

"झोप नव्हती. तुम्ही बोलत होतात."

"काय बोलत होतो?"

मी सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला. "हजेरी घेत होतात. वर्गाची. नाव घ्यायचात आणि थांबायचात, मुलानं हजर म्हणावं म्हणून. मग पुन्हा तेच नाव. ओठ निळे पडले होते तुमचे. धारेवरून उतरताना फुर्बाच्या पाठीवरसुद्धा तुम्ही नावं घेत होतात. त्यानं प्रत्येक नावाला 'जी' म्हटलं. गप्प झालात तर धोका, असं तो मला म्हणाला."

बाहेर एक मूल खोकत होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उतरताना सगळा वेळ?"

"तळ येईपर्यंत."

"एक कार्ड द्या," ते म्हणाले.

मी ड्रॉवरमधून पोस्टकार्ड काढून दिलं. त्यांनी माझ्याच टेबलावर, फळ्यावर लिहितात तशा सुट्ट्या, गोल अक्षरांत लिहिलं. मग कार्ड माझ्याकडे फिरवलं. वहीतला माझा शेरा चुकीचा आहे, तो खोडावा. फुर्बा शेर्पा खाली चला म्हणाला, तर वाद न घालता उतरावे. मी वाद घातला होता. खाली सही.

"तुम्हीही सही करा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणून."

मी सही केली. रोगी बसलेले होते, तरी मी उठलो. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेलो आणि सरांनी कार्ड आत टाकलं.